मऊ भाकरीचं अंतर

रावेत,
६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास,
धाकट्या शालनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र लिहिण्याचं कारण, तू फोनवर ऐकत नाहीस. दोन्ही अर्थांनी. डावा कान बंद झाल्यापासून तू फोनवर सगळ्यांनाच 'व्हय, व्हय' म्हणतोस. अशाच एका 'व्हय'नंतर तुझ्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला. तेव्हा तूच नियम केलास की महत्त्वाचं बोलणं यापुढे कागदावर. सोयरिकीपेक्षा महत्त्वाचं आपल्या घरात काही नसतं, म्हणून हे पाकीट. मोशी ते रावेत पंधरा-सोळा किलोमीटर, पत्राला चार दिवस लागतील. पण ते स्पाइन रोडला अडकलं तरी त्याचं पेट्रोल जळणार नाही.

विषय आपल्या अपेक्षाचा. दोन वर्षांपूर्वी कंपनीने तिला चाकणहून चेन्नईला पाठवलं तेव्हा तू सगळ्या गावाला पेढे वाटलेस. आता तिने तिथलाच मुलगा पसंत केला, तर तू म्हणे एकच वाक्य बोललास, भाकरी पोचायची न्हाई, आणि उठून शेताकडे गेलास. शेतात तुझ्या शेखरने गोडाऊनं बांधून भाड्याने दिली आहेत. तू नेमका कुठल्या बांधावर जाऊन बसलास, ते कळव.

मुलगा रणजीत परका नाही. त्याचे वडील ज्ञानदेवराव मूळचे खेडचे. तीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी चेन्नईला गेले आणि तिथलेच झाले. आई सुमनताईही खेडकडच्याच. मुलगा अपेक्षाच्याच कंपनीत इंजिनिअर आहे, आणि इडली आणि ठेचा सारख्याच भक्तीने खातो. नाव ठेवायला मी बरंच शोधलं. सापडलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

उरला आबांचा नियम. पहाटे मोशीत थापलेली भाकरी ज्या गावी मऊ पोचेल, तेवढ्याच अंतरावर लेक द्यायची. आता मी आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा ऐक. चेन्नई रस्त्याने बाराशे किलोमीटरच्या आसपास आहे, हे खरं. पण विमान सरळ जातं. हवेतलं अंतर नऊशेच्या घरात आणि वेळ पावणेदोन तास. पावणेदोन तासांत भाकरी कडक होत नाही, नुसती कोमट होते.

आमच्या सोसायटीच्या जाहिरातीत छापलं होतं की विमानतळ अवघ्या तीस मिनिटांवर. बिल्डर तीस मिनिटं म्हणतो त्यावर विश्वास ठेवून आम्ही अख्खं घर घेतलं. तू सख्ख्या बहिणीच्या पावणेदोन तासांवर एवढा तरी ठेव.

लोभ आहेच. तो सिग्नलला थांबू नये, ही विनंती.

तुझी,
शालन

ता. क. सौ. वहिनींना नमस्कार. टॉवरलाही.


मोशी,
११ जानेवारी २०२५

चि. सौ. शालन हिला अर्जुनचे अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र मिळालं. शेखर वाचून दाखवतो म्हणत व्हता, म्या दिलं न्हाई. कान गेला म्हणून डोळं गेलं न्हाईत. आन् बांधाचं विचारतीस तर दोन नंबरच्या गोडाऊनमागं अजून हातभर बांध हाय. तिथं बसलो व्हतो. वाचमन हाटकत व्हता, पर म्या त्याला मालक कोन ते सांगितलं.

तू भूगोल शिकवलास त्यो नकाशावरचा. नकाशावर चेन्नई वीतभर लांब. उद्या पोरीला ताप आला तर म्या काय त्या वितीवर बसून जाऊ?

आबांचा नियम तू हसण्यावारी नेतीस. तुला तवा कळत नव्हतं म्हणून सांगतो. आबांची थोरली बहीण कोंडाबाई. तिला बार्शीच्या पल्याड दिली. घर चांगलं, जमीन चांगली, नवरा चांगला. पर लांब. पयल्या वर्साला आबा दोनदा गेलं. मग एकदा. मग आज जाऊ, उद्या जाऊ, सुगी हाय, बैल आजारी हाय. एक दिस कार्ड आलं. कार्ड हातात पडलं तवा तेरावं उरकून गेलं व्हतं. मग तुजी सोयरीक आली, तवा आबांनी आईला पहाटं उठवून बाजरीची भाकरी थापायला लावली, फडक्यात बांधून सायकलीवर रावेतला नेली आन् तुज्या सासऱ्याच्या ओट्यावर बसून मोडली. मऊ व्हती. मग सुपारी फुटली. तुजं कुंकू त्या भाकरीवर उभं हाय, ध्यानात ठेव.

मुलगा चांगलाच असंल. कोंडाबाईचा नवरा पन चांगला व्हता.

पावणेदोन तास म्हणतीस, विमान काय आपल्या वेशीत येऊन थांबतंय?

दाजींना नमस्कार. माया हाय तशी राहू दे. हुशारी जरा कमी कर.

तुजा,
दादा


रावेत,
१७ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास शालनचा नमस्कार.

कोंडा आत्याचं मला खरंच ठाऊक नव्हतं. ते पत्र मी तीनदा वाचलं. आमचे हे दोनदा डोकावून गेले, बरं नाही का म्हणून.

पण दादा, आता हिशेबाला हिशेब. परवा भोगीला तू शेखरच्या हाती तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या पाठवल्यास. मोशीहून गरम निघाल्या. शेखर एका चौकात ट्रेलरच्या मागे थांबला, दुसऱ्या चौकात खोदलेल्या रस्त्यापाशी थांबला, तिसऱ्या चौकात नुसताच थांबला, कारण पुढचे सगळे थांबले होते. भाकऱ्या इथे आल्या तेव्हा कौलाचे तुकडे झाले होते. यांनी एक तोडायला घेतली आणि दाताकडे बघायला आरशासमोर गेले. तेव्हा आबांच्या नियमाने माझं लग्न या भोगीपासून रद्द आहे. मला केव्हा न्यायला येतोस ते कळव. हे म्हणाले की सामान बांधून ठेवतो, दादांना ताटकळायला नको.

आबांनी सायकलवर नेलेली भाकरी मऊ पोचली. तू गाडीतून पाठवलेली कडक. रावेत आहे तिथेच आहे.

विमान वेशीत येऊन थांबतं का, असं विचारतोस. थांबलं असतं. विमानतळ चाकणच्या बाजूला होणार अशी हूल उठली तेव्हा मोर्च्यात सगळ्यात पुढची टोपी तुझी होती. जमीन वाचवलीस, चांगलंच केलंस. तिच्यावर आता लोकांच्या गाड्यांचे सुटे भाग पिकतात.

माझं म्हणणं एवढंच. आबांनी सुपारी फोडायच्या आधी भाकरी मोडून पाहिली. तू न मोडताच नाही म्हणतोस. वहिनींच्या हातची भाकरी घे, विमानात बस आणि चेन्नईला सुमनताईंच्या घरी जाऊन मोड. मऊ निघाली तर होकार. कडक निघाली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, आणि अपेक्षालाही काढू देणार नाही. ती तसा शब्द द्यायला तयार आहे. पोरीचं सगळं आयुष्य पणाला लागलंय दादा, तेव्हा भाकरी नीट भाजा म्हणावं.

राग आला तर पत्राने कळव, म्हणजे पोचेपर्यंत निवेल.

तुझी (सध्या बेकायदा सासरी राहणारी),
शालन


मोशी,
२२ जानेवारी २०२५

चि. सौ. शालन हिला आशीर्वाद.

जातो.

आबांनी मोडून बघितली, आन् तू न मोडता न्हाई म्हणतोस, हे तू लिहिलंस ते लागलं. पर अटी माज्या. भाकरी बाजरीची. शेखर म्हणत व्हता ज्वारीची न्या, जास्त येळ टिकती. म्या म्हणलं, मग तिला तांदळाची लावून थेट दुबईला देऊन टाकू. आबांनी बाजरीची नेली, म्या बाजरीचीच नेणार.

दुसरं. तू तुज्या वहिनीला फोन करून पीठ दुधात मळा म्हणालीस, हे मला कळलंय. फोन माज्या उजव्या बाजूला व्हता. दुधात मळली की ती दशमी झाली, भाकरी राहत न्हाई. मास्तरीण असून पेपर फोडतीस. आता पीठ मळताना म्या सोता चुलीपाशी बसणार हाय. वहिनी म्हणली की चाळीस वर्सांत एकदा तरी बसला असता तर बरं झालं असतं.

शेखरनं तिकीट काढलंय, एक तारखेचं, सकाळचं विमान. दोन भाकऱ्या, ठेचा आन् कांदा. एक मोडायला, एक पडली-झडली तर जादा. ठेचा विमानात नेऊ देत्यात का, ते शेखर बघून सांगणार हाय. न्हाई म्हणलं तर म्या तिथंच उभा राहून खाईन, फेकू देणार न्हाई.

पोरीला सांग, बाप लबाडी करणार न्हाई. ना तिच्या बाजूनं, ना आबांच्या.

तुजा,
दादा


चेन्नई,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्यास, अपेक्षाचा सा. न.

फोन केला असता, पण फोनवर मला रडू आलं असतं आणि तू लगेच तिकीट काढून निघाली असतीस. म्हणून लिहिते. घरचा नियम मलाही लागला म्हणायचा.

शनिवारी अण्णा आले. विमान सकाळी दहाचं होतं, ते सुटलं दुपारी एकला. मी आणि रणजीत एअरपोर्टवर उभे. अण्णा बाहेर आले ते धोतर, कोट आणि हातात आईचं लाल फडकं. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि जोरात विचारलं की इथं सगळे एवढ्या मोठ्यानं का बोलत्यात. मला वाटलं, गर्दीला बुजले.

घरी सगळे जेवायचे थांबले होते. रणजीतच्या आईंना मी भाकरीचं सगळं सांगून ठेवलं होतं. त्या हसल्या नाहीत. उलट त्यांनी सकाळपासून पानं मांडून ठेवली होती. पिठलं केलं होतं, वांग्याचं भरीत केलं होतं, पण पोळी, भात काही नाही. भाकरी येणार म्हणून. अण्णा बसले. सगळ्यांचे डोळे फडक्यावर. अण्णांनी फडकं उलगडलं, आणि त्यात काही नव्हतं. ठेच्याचा डागही नाही. अण्णा एवढंच म्हणाले की वाटेत संपली.

रणजीतचे बाबा विमानाच्या उशिरावर बोलायला लागले. रणजीतच्या आई पटकन भात टाकायला उठल्या. जाताना त्या बाबांच्या कानाशी हळूच म्हणाल्या की तीस वर्षं झाली, माहेरून कुणी एक भाकरी घेऊन आलं नाही, वाटलं होतं आज खाईन, असो, निदान फडकं तरी आपल्याकडचं आलं. असं म्हणून त्या हसल्याही. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. अण्णांना नाही, त्या अण्णांच्या डाव्या बाजूला होत्या.

पण त्यानंतर अण्णा बोललेच नाहीत. दोन घास भात खाल्ला. रणजीतने शेती विचारली, गोडाऊन विचारलं, टॉवरसुद्धा विचारला. अण्णांची मान फक्त वर-खाली. रविवारी दुपारचं विमान, तर सकाळीच बॅग घेऊन दारात उभे. निघताना मी धीर करून विचारलं की अण्णा, काय ठरवलं. ते म्हणाले की माप न्हाई तर काय सांगू, आणि रिक्षात बसले. फडकं इथेच विसरले.

आत्या, मी तुला शब्द दिलाय तो मोडणार नाही. त्यांच्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही. पण दुसऱ्या कुणाशीही करणार नाही, हेही आत्ताच लिहून ठेवते. रणजीतला मी हे सांगितलं. तो म्हणाला की तो अण्णांच्याच विमानात बसून भाकरी आणायला मोशीला जातो. त्याला कसंबसं थांबवलं.

अण्णा खोटं बोलत नाहीत. भाकरी कडक झाली असती तर ती त्यांनी ताटात ठेवून सांगितलं असतं. मग ती गेली कुठे? तू विचार.

तुझीच,
अपेक्षा


मोशी,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शालन हिला आशीर्वाद.

तुजं दोन ओळींचं पत्र आलं, भाकरी कुठाय म्हणून. पोलिसांची नोटीस पन याच्यापरीस मायेनं लिहिलेली असती. सांगतो.

पहाटं तुज्या वहिनीनं थापल्या. पाण्यात मळल्या, म्या डोळ्यांनी बघितलं. वाफ धरून निघालो. आळंदी रस्त्यानं दिघीपतोर नीट आलो. दिघीला लष्कराची हद्द लागली, आपल्या भागात प्लॉटिंग न झालेली तेवढीच जागा. ती बघत व्हतो तवर गाडी थांबली. मग थांबलीच. लोहगावच्या विमानतळावर पोचलो तवा भाकरीची वाफ गेली व्हती, पर ऊब व्हती. आत गेलो, ठेचा बी आत सोडला. मग पाटीवर लिहून आलं, विमान उशिरा. मग पुना लिहून आलं, अजून उशिरा. पावणेदोन तासांचं विमान आन् तीन तास त्याची वाट. हे तुज्या भूगोलात व्हतं का?

मला काळजी लागली. भाकरी लोहगावातच कडक झाली तर आळ चेन्नईवर जाईल. म्हणून नुसतं बघावं म्हणून फडक्याची गाठ सोडली. कडंला जरा ताठ झाली व्हती, मधी मऊ व्हती. आन् बघतो तर शेजारच्या खुर्चीवरला माणूस भाकरीकडं बघतोय. काळेवाडीचा धम्मपाल. चेन्नईला कुटल्याश्या कंपनीत मशीन बसवायला चालला व्हता. रातपाळी करून घरी गेला, आंघोळ केली आन् तसाच आला. पोटात काय न्हाई, आन् तिथला वडा बघून त्यानं किंमत वाचली आन् पाणी पिला.

आता तूच सांग. सोडलेली शिदोरी समोरच्या उपाशी माणसाला न विचारता पुना बांधायची, हे आबांनी शिकवलं का आपल्याला? म्या विचारलं. तो न्हाई म्हणला, काका तुमाला लांब जायाचंय. म्या म्हणलं तुलाबी तिथंच जायाचंय. एक त्याला दिली. त्यो एकटा कसा खाईल, म्हणून दुसरी म्या घेतली. कांदा फोडला, ठेचा मधी ठेवला. पाच मिनिटांत माप संपलं. धम्मपालनं हात धुऊन आल्यावर विचारलं की काका, कुणासाठी नेत व्हता. तवा माज्या ध्यानात आलं की म्या काय केलं.

त्याला सगळं सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला. मग इचारत बसला की मुलगी काय शिकलीय, पोरगा काय करतो. सगळं ऐकून म्हणला की मग आता भाकरी न बघता माणसं बघा.

पुढं ऐक. विमान उतरताना डाव्या कानात खाडकन आवाज झाला आन् कान उघडला. कैक वर्सांनी दोन्ही कानांनी ऐकत व्हतो. त्याच कानानं म्या सुमनताईंचं बोलणं ऐकलं. त्यांना वाटलं ह्यो कान मेलाय. अपेक्षानं तुला ते लिहिलंच असंल, मी पुना लिहीत न्हाई. मला लिहवत न्हाई.

शालन, मला सगळ्यांच्या समोर कोंडाबाई दिसली. म्हंजे तिला म्या कदी बघितली न्हाई, तरी दिसली. घर चांगलं, नवरा चांगला, लेक चांगला, आन् तीस वर्सांत एक भाकरी न्हाई. खेडला जायाला येळ लागत असंल, पर खेडहून कुणी निघालंच न्हाई तर विमानानं काय करायचं. रातभर दोन्ही कान उघडं घेऊन पडून राहिलो. भलता आवाज करती ती चेन्नई.

घरी आलो. कान पुना बंद झाला. तुज्या वहिनीला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं की फडकं कुठं हाय. म्या म्हणलं राहिलं तिकडं. ती म्हणली की मग आणायला जावं लागंल.

काय ठरवलं ते तुला सांगत न्हाई. आधी सुमनताईंना लिहितो. तुला सांगितलं तर रावेतहून चेन्नईला माज्या पत्राआधी पोचंल. पोरीला म्हणावं, बापावर रुसू नको. चार दिस थांब.

तुजा,
दादा


मोशी,
१३ फेब्रुवारी २०२५

श्री. ज्ञानदेवराव व सौ. सुमनताई यांना मोशीच्या अर्जुनरावांचा नमस्कार.

मला लिहायची सवय न्हाई. चूकभूल पदरात घ्यावी.

तुमच्या घरी आलो, जेवलो, आन् न बोलता निघून आलो. ही आमच्या घरची रीत न्हाई. लाज वाटत व्हती म्हणून बोललो न्हाई. भाकरी वाटेत हरवली न्हाई, कडक झाली न्हाई. विमानतळावर म्या आन् एका भुकेल्या माणसानं मिळून खाल्ली. चवीला चांगली व्हती.

माजी मुलगी अपेक्षा तुमच्या रणजीतला दिली. आमच्याकडून सोयरीक पक्की. आबांचं माप लावून न्हाई, माज्या जबाबदारीवर देतोय. आबांना वर गेल्यावर काय सांगायचं ते मी बघून घेईन.

एक अट हाय. ती तुमच्यावर न्हाई, माज्यावर हाय. दर दोन-तीन महिन्यांनी म्या येणार. घरातलं कुणी आजारी असो, सुगी असो, न्हाईतर गोडाऊनचा भाडेकरू बोंबलत असो. पयल्या विमानानं येणार, तवा रस्ता मोकळा असतो. दरवेळी दोन भाकऱ्या आणणार. एक अपेक्षाला. दुसरी सुमनताईंना, त्यांच्या माहेरची समजून. ती दुसरी वाटेत कुणाला विचारणार न्हाई, भले माजं नाव खराब होवो.

साखरपुड्याचं बोलायला २३ तारखेच्या रविवारी म्या आन् अपेक्षाची आई निघतोय. तिचं पयलंच विमान हाय, खिडकी तिला द्यायची ठरलीय. रणजीतरावांनी न्यायला यायची गरज न्हाई, आले तर मात्र आनंद वाटंल.

सुमनताई, आधीच सांगून ठेवतो. रस्त्याचा भरवसा न्हाई आन् विमानाचा त्याहून न्हाई. भाकरी पोचंल, पर कडक पोचंल. कुस्करून खावी लागंल.

तरी लोभ असू द्यावा, आन् दूध तापवून ठेवावं.

आपला व्याही,
अर्जुनराव